मॅडम, तुमीच तं सांगतलं होतं!

प्रश्न:

ताई, मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घरी कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. आंतरवासितेसाठी आम्हा मैत्रिणींना शेजारच्या गावची जिल्हा परिषद शाळा मिळाली आहे. ऑगस्टमध्ये मी चौथीला परिसर अभ्यासाचा पाठ घेतला, विषय कचरा. थर्माकोलचं मॉडेल केलं होतं, निरीक्षकांना ते खूप आवडलं. पंधरा ऑगस्ट झाल्यावर सजावटीचं थर्माकोल, झिरमिळ्या, आमचे लॅमिनेशन केलेले तक्ते असं सगळं आम्ही शाळेमागे नेऊन पेटवून दिलं. चौथीतला एक पोरगा हातपंपावर पाणी पीत होता. तो म्हणाला, "मॅडम, तुमीच तं सांगतलं होतं का पन्नी जायू नोका म्हणून!" (पन्नी म्हणजे प्लास्टिक.) बाकीच्या हसल्या. मला रात्री झोप आली नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजात एका संशोधकांनी प्रश्नावली भरून घेतली, छात्राध्यापकांचं पर्यावरणाचं ज्ञान आणि वर्तन यावर. ज्ञानाच्या भागात मला जवळपास सगळं आलं. ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे पृथ्वी तापते, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, हे तर मी मुलांनाही शिकवते. वर्तनाच्या भागात मात्र मी सगळीकडे 'नेहमी'वर खूण केली, आणि ती खरी नाही. घरी आई पन्नीनं चूल पेटवते. बाबा तोंडाला काही न बांधता फवारणी करतात. बोललं तर म्हणतात, "तू शिकव तुह्या पोराईले." जुलैमध्ये शाळेत वृक्षारोपण झालं, फोटो निघाले, आता त्या रोपांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. जिचं स्वतःचं वागणं असं आहे, तिनं पर्यावरण शिकवावं का?

एक छात्राध्यापिका

उत्तर:

शिकवावं बाळा, जरूर शिकवावं. पण आधी त्या पोराला उत्तर दे, कारण त्याचा प्रश्न अजून तसाच लटकलेला आहे.

त्यानं काय केलं ते नीट बघ. तू वर्गात सांगितलेलं त्यानं लक्षात ठेवलं, वर्गाबाहेर दिसलेल्या गोष्टीशी ताडून पाहिलं आणि मोठ्या माणसासमोर बोलून दाखवलं. पाठ टाचणात 'अध्ययन निष्पत्ती'च्या, म्हणजे मूल काय शिकलं त्याच्या, रकान्यात आपण जे लिहितो आणि जे क्वचितच डोळ्यांनी दिसतं, ते तुला हातपंपापाशी दिसलं. तुझा पाठ त्या पोरापर्यंत पोचला होता. मला काळजी वाटते ती तुझ्या मैत्रिणींच्या हसण्याची. चूक दाखवली की मॅडम हसतात, हे एकदा त्याच्या मनात बसलं तर पुन्हा तो तोंड उघडणार नाही. म्हणून उद्याच वर्गात उभी राहा आणि सांग, "परवा हा बोलला ते बरोबर होतं. आम्ही ते जाळायला नको होतं." एवढंच. माफीचं भाषण नको. मग लगेच विचार, "पण मग त्या थर्माकोलचं करायचं काय होतं?" आणि गप्प बस. मुलांना बोलू दे.

हा प्रश्न सोपा नाही. गावात घंटागाडी नाही. भंगारवाला लोखंड घेतो, पुठ्ठा घेतो, पाण्याच्या बाटल्या घेतो. थर्माकोल तो घेत नाही, कारण वजन काहीच नाही आणि जागा मात्र पोतंभर लागते. चिप्स-कुरकुऱ्यांची चमकणारी पाकिटंही घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सहज वेगळे होत नाहीत. पुरलं तर जमिनीत वर्षानुवर्षं तसंच राहतं. जाळलं तर काळा धूर येतो. थर्माकोलच्या धुरातून काजळी आणि स्टायरीन, आणि कचऱ्यात पीव्हीसी असेल तर डायऑक्सिनसारखी विषं. उघड्यावरच्या जाळाला भट्टीएवढी आच नसते, म्हणून जळणं अर्धवट राहतं आणि हे सगळं अंगणातच उतरतं. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली आणि दंडही ठरवून दिला. थर्माकोलची ताटं-वाट्या आणि सजावट तर राज्यात 2018 पासून बंद आहे. तरी तालुक्याच्या दुकानात मिळतं, आपण आणतो, आणि मग त्याला जायला जागा नसते. चौथीची मुलं बोलत बोलत शेवटी इथेच येतील की ते आणायलाच नको होतं. ते तू आधी सांगू नकोस. त्यांना येऊ दे.

आता तुझं दुखणं. तुला वाटतं, मला सगळं कळतं तरी मी तसं वागत नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे. हा तुझ्या एकटीचा दोष नाही. शाळेत पर्यावरण शिकवलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली सांगितलं. विषय आला, पुस्तकं आली, तुमचा पेपर आला. पण 1977 मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या जागतिक परिषदेनं पर्यावरण शिक्षणाची जी उद्दिष्टं ठरवली त्या पाचांत ज्ञान हे फक्त एक होतं. जाणीव, दृष्टिकोन, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग ही त्याच्या बरोबरीची. पेपरात तपासलं जातं ते बहुतेक ज्ञान. हंगरफोर्ड आणि व्होल्क या अमेरिकी अभ्यासकांनी 1990 मध्ये मांडलं होतं की माहिती दिली म्हणजे वागणं बदलतं, ही सरळ रेषा खरी नाही. हा प्रश्न माझा आहे असं वाटावं लागतं, मी केलं तर फरक पडेल हा भरवसा लागतो आणि ते करायचं कसं हे हाताला ठाऊक असावं लागतं. मी त्यात एक भर घालीन, सोयीची. शाळेमागे तुम्ही काडी ओढलीत ती प्लास्टिकचा धूर वाईट हे ठाऊक नव्हतं म्हणून नाही. दुसरं काही करायची सोयच नव्हती.

म्हणून मोठ्या प्रतिज्ञा नकोत. एक सोय उभी कर. आठवडाभर शाळेच्या कचरापेटीतलं काही फेकू नका. शनिवारी ती जुन्या वर्तमानपत्रावर उलटी करा. मुलांच्या हातात काड्या द्या, उघड्या हातांनी नको. काय निघतं ते त्यांनाच वेगळं करू दे: कागद, पेन्सिलीचा भुसा, पोषण आहारातलं उरलंसुरलं, पाकिटं. आणि खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या निघतील, अगदी शाळेच्या आवारातून. त्या कोणाच्या हे मुलांना ठाऊक असतं, आणि ते उत्तर नेहमी गावाकडेच बोट दाखवतं असं नाही. तिथे कोणाचं नाव घ्यायला लावू नकोस, पन्न्या फक्त मोजून फळ्यावर लिही. तेवढं पुरतं.

ओलं ते परसबागेतल्या खड्ड्यात. कागद-पुठ्ठा भंगारवाल्याला, पैसे मुलांच्या खडूपेटीला. पाकिटं आणि पन्न्या धुऊन, वाळवून एका पोत्यात. त्या पोत्याचं काय करायचं हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) विचारायला मुलांनाच पाठव, दोन-चार जणांना, हातात अर्ज देऊन. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2020 नंतर, घनकचरा हे गावाचं काम ठरलं आहे आणि तालुका पातळीवर प्लास्टिक हाताळणाऱ्या केंद्राची तरतूद आहे. तुमच्या तालुक्यात ते चालू असेल तर पोतं तिथे जाईल. नसेल तर ते का नाही, हे ग्रामसभेत विचारायला एक कारण मिळेल. नऊ वर्षांच्या पोरांनी सहीशिक्क्याची पोच घेऊन परत येणं, हा नागरिकशास्त्राचाही पाठ आहे.

तुमच्या शैक्षणिक साहित्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, आणि ते तुझ्यापेक्षा तुझ्या कॉलेजला जास्त लागू आहे. कचऱ्याच्या पाठाला थर्माकोलचं मॉडेल आणि त्याला शाबासकी, हे चूक आहे. दर वर्षी दर छात्राध्यापक नवं साहित्य करतो, ते वीस-पंचवीस मिनिटं वापरलं जातं आणि वर्षअखेरीस त्याची होळी होते. पुठ्ठा, माती, पऱ्हाटीच्या (वाळल्या कपाशीच्या) काड्या, चिंचोके, बांबूच्या कामट्या, जुन्या कॅलेंडरची पाठ, यातून कोणता पाठ अडतो? पुढच्या पाठाआधी निरीक्षकांना जाऊन भेट, म्हण की मी साहित्य परिसरातलंच वापरणार आहे, गुण त्यावर द्या. बहुतेक निरीक्षक ऐकतात, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. आणि तुम्ही सगळ्या मिळून एक पेटी करा. चांगले तक्ते, मॉडेलं त्यात ठेवा, वर यादी चिकटवा, पहिल्या वर्षाच्या मुलींच्या ताब्यात द्या. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये, तुमच्याच शेजारच्या जिल्ह्यात, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम सुरू झाली. हातानं उपयोगाचं काम करत शिकायचं, आणि शिक्षकानं ते काम मुलांबरोबर करायचं, हा तिचा गाभा. वर्ध्याच्या इतक्या जवळ राहून आपण साहित्य दुकानातून विकत आणावं, याचं मला वाईट वाटतं.

आता ज्ञानाच्या भागाकडे येते, कारण तिथेही सगळं आलंय असं तू म्हणतेस आणि ते तसं नाही. ओझोनचं छिद्र आणि पृथ्वीचं तापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओझोनचा थर खूप उंचावर, सूर्याचे अतिनील किरण अडवतो. जुन्या फ्रिजमधल्या आणि स्प्रेच्या डब्यांतल्या सीएफसी वायूंनी तो विरळ झाला, सर्वांत जास्त अंटार्क्टिकावर. 16 सप्टेंबर 1987 ला मॉन्ट्रियल करार झाला, ते वायू हळूहळू बंद झाले आणि थर आता सावरतो आहे. पृथ्वी तापते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनमुळे. तापलेल्या जमिनीची बाहेर जाणारी उष्णता ते वायू अडवून धरतात. तुमच्या जिल्ह्यातल्या वणीच्या खाणीतला कोळसा भट्टीत जळतो, त्यातून तो कार्बन येतो. सीएफसी स्वतःही उष्णता अडवतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. पण छिद्रातून जास्त ऊन आत आलं म्हणून पृथ्वी तापली, असं घडलेलं नाही. फरक महत्त्वाचा आहे. एक प्रश्न जगानं एकत्र येऊन बराचसा आटोक्यात आणला, हे मुलांना कळू दे. दुसरा अजून तसाच आहे. याच महिन्यात, सप्टेंबरच्या 16 तारखेला, ओझोन दिन आहे, त्या दिवशी वर्गात दुरुस्त करून टाक.

पिंपळाचंही तसंच. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. रात्री पिंपळ तुझ्यामाझ्यासारखाच श्वास घेतो, ऑक्सिजन वापरतो. निवडुंग, घायपात अशा काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतात, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात. पिंपळाचा मोठेपणा त्यानं कमी होत नाही. त्याच्या फळांवर हरियाल येतात, आपल्या राज्याचा पक्षी. पिंपळ पिकला की मुलांना सकाळी झाडाखाली घेऊन जा, तो पक्षी प्रत्यक्ष दाखव. भिंतीवरच्या चुकीच्या सुविचारापेक्षा ते बरं.

आणि एक विचारू? ज्या हातपंपावर तो पोरगा पाणी पीत होता, त्या पाण्याबद्दल तुला काय माहीत आहे? यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पिण्यालायक नाही. लहानपणापासून पोटात गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं धरतात. तुझ्या वर्गातल्या मुलांचे दात बघ. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने तपासायला पाठवतो, आणि जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायांना तपासणीचा संच वापरायचं शिकवलेलं आहे. त्यांना एकदा वर्गात बोलाव, मुलांसमोर तपासणी होऊ दे. जास्त निघालं तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी दे. प्रश्नावलीत अंटार्क्टिका येईल, तुझ्या शाळेचा हातपंप येणार नाही. शिक्षकाला दोन्ही माहीत असायला हवं, पण मुलांच्या पोटात रोज जातं त्याची चौकशी आधी.

आईला काही बोलू नकोस. पहाटे ओल्या सरपणाशी झगडणाऱ्या बाईला धुरावर व्याख्यान देणं बरं नाही. पावसाळ्यात तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या भिजतात, गॅसचं सिलिंडर जपून वापरावं लागतं, म्हणून पन्नी लागते. तू एवढं कर: कोरड्या काड्या आणि गोवरीचे तुकडे एका डब्यात भरून घरात, चुलीजवळ ठेव, आणि तो डबा रिकामा होऊ द्यायचा नाही हे काम तुझं. पन्नीला हात लावायची वेळच येणार नाही. आणि धूर तिच्या छातीत जातो म्हणून करते आहे, एवढं प्रेमानं सांग.

बाबांच्या बाबतीत मात्र थांबून चालणार नाही. सप्टेंबर आहे, फवारणी जोरात आहे. 2017 च्या हंगामात तुझ्याच जिल्ह्यात काय झालं ते तुझ्या घरात कोणी विसरलं नसेल. वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात होते. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे तुषार तोंडावरच यायचे. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. बाबांना हे ठाऊक आहे. "तू शिकव तुह्या पोराईले" असं ते म्हणतात, कारण शेतीतलं आपल्याला पोरीनं शिकवावं हे त्यांना सोसत नाही. मग शिकवू नकोस, वाचून दाखव. औषधाच्या डब्यासोबत एक घडीचं पत्रक येतं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. ते बाबांना वाचता येत नसेल, तुला येतं. संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून विचार, "बाबा, हे काय लिहिलंय, बघू का?"

डब्यावर चौकोनात त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नाही, फक्त त्यातल्या त्यात कमी. विषबाधा झाली तर उतारा काय द्यायचा तेही पत्रकावर असतं, म्हणून दवाखान्यात जाताना माणसाबरोबर डबा किंवा पत्रक न्यायचंच. बाबांकडे एकदम दहा गोष्टी मागू नकोस. मास्कनं जीव गुदमरतो हे खरं आहे, उन्हात कोणी तो ठेवत नाही. पहिल्यांदा एवढंच माग: सकाळी फवारा, दुपारच्या तिरपीत नको. वारा पाठीवर घ्या. औषधाच्या हातानं खर्रा तोंडात घालू नका. दोन औषधं मनानं मिसळू नका. घरी आल्याबरोबर साबणानं आंघोळ, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. यातलं दोन ऐकलं तरी माझ्या मते मोठं काम झालं, मग हातमोजे-चष्म्याचं बोल. रिकामा डबा तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घालायचं, डब्याला भोक पाडायचं, म्हणजे त्यात कोणी पाणी-तेल भरणार नाही. जाळायचा तर मुळीच नाही.

हाच त्रिकोणाचा पाठ चौथीला घे. तुझ्या वर्गातली बरीच मुलं सुट्टीच्या दिवशी पंपासाठी पाणी वाहत असतील. पण डबे शाळेत आणायला सांगू नकोस, चुकूनही. फळ्यावर चार रंगांचे त्रिकोण काढ, मुलांना वहीत काढू दे. घरी जाऊन डब्याला हात न लावता, लांबून रंग बघून यायचा. कोणता रंग किती घरांत, हे दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडा, घराचं नाव न घेता.

प्रश्नावलीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. त्यावर बहुधा नाव नसतं. पुढच्या वेळी 'कधी कधी' असेल तिथे 'कधी कधी'वरच खूण कर. सगळ्यांनी 'नेहमी' म्हटलं तर तुमच्यासाठी काही करायची गरज आहे हे कोणाला कळणारच नाही.

राहिली रोपं. जुलैमध्ये लावलेल्यांपैकी जी आज जिवंत आहेत ती मोज आणि फक्त त्यांच्याच मागे लाग. आपल्याकडे रोप पावसाळ्यात मरत नाही. ते शेळीच्या तोंडी मरतं आणि एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत मरतं. शेळीसाठी बोराट्यांचं कुंपण, आत्ताच. दिवाळीनंतर बुडाशी वाळल्या पानांचा जाड थर. फेब्रुवारी लागला की बुडाला छोटं भोक असलेलं, त्यात चिंधी घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरून ठेवा. ते भरलं की पाणी झिरपत राहतं, दोन-तीन दिवसांचं काम होतं. हातपंपाचं वाहून जाणारं पाणी चारी काढून जवळच्या रोपांकडे वळवा. पुढच्या वर्षी कोणी गुलमोहर आणला तर नको म्हणा. करंज, कडुनिंब, चिंच, सीताफळ मागा, ही आपल्या उन्हात टिकतात. आणि रोप चौथीच्या मुलाला देऊ नकोस, तो उन्हाळ्यात शाळा सोडून जातो. पहिली-दुसरीतल्यांना दे, म्हणजे त्यांचे दोन-तीन उन्हाळे तिथेच जातील. कॉलेजला फोटो हवा असेल तर मेमधला द्या, जुलैमधला सगळ्यांकडे असतो.

तू एप्रिलमध्ये जाशील, शाळेला सुट्टी लागेल, आणि विदर्भात ती जूनच्या शेवटापर्यंत चालते. शाळेला लागून असलेल्या एखाद्या घराशी आत्तापासून बोलून ठेव, आजीबाई असतील तर उत्तम. सुट्टीत शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते तेही मुख्याध्यापकांना विचार आणि एक किल्ली त्या घरी ठेवायची परवानगी लेखी घे, नाहीतर पाणी असून कुलूप आडवं येईल.